फुफाट्यातलं इंजिन

बाजरीची कणसं खुडून झाली आणि रानात नुसती सरमाडं उभी राहिली की आमच्या डोंगराच्या वाटेचा रंग बदलतो. पावसाळ्यात जी वाट लाल चिखलाची असते, ती नवरात्र संपता संपता पांढरी पडते. पाय टाकला की घोट्यापर्यंत मऊ फुफाटा. शेळ्यांचा कळप गेला तरी मागे धुराळा बराच वेळ तरंगत राहतो, आणि उन्हं कलली की तोच धुराळा सोन्यासारखा दिसतो. झेंडू तोडायला आलेला असतो, ज्वारीची पेर चालू असते. दुपारचं ऊन चैत्रातल्यासारखं लागतं आणि पहाटे अंगावर पांघरूण ओढावं लागतं. असे हे दोन्ही बाजूंनी ओढणारे दिवस. यंदा पुन्हा आलेत. आज सकाळी जीपच्या हवेच्या फिल्टरचं तेलाचं भांडं काढून बघितलं, तर तळाला दाट गाळ बसला होता. बोटानं तो काढताना मला ती सुगी आठवली, आणि अजून एकदा हायसं वाटलं.

आमची वस्ती गर्भगिरीच्या डोंगरात आहे. खाली डांबरी रस्ता आहे, पण वरपर्यंत तो आला नाही. येतो, येणार, असं मी लग्न होऊन आल्यापासून ऐकते. वस्तीवर घरटी दोन-चार गाई आहेत. दूध खाली फाट्यावरच्या डेअरीत पोचवायचं काम आमची जीप करते. सकाळी एक खेप, संध्याकाळी एक खेप. अडलेली बाळंतीण, आजारी माणूस, खताच्या गोण्या, नवरीचं सामान, सगळं हीच जीप नेते-आणते. डिझेलची आहे, जुनी आहे, आणि चारही चाकांना जोर देणारा दांडा तिला आहे. ओढ्यातला चढ आला की माझे मालक तो दांडा ओढतात, आणि गाडी गुडघे टेकून उठणाऱ्या गाभण म्हशीसारखी हळूहळू वर येते. किलोमीटरचा काटा फार वर्षांपूर्वी बंद पडला. ती किती चालली ते आता कुणालाच माहीत नाही. लाखांनी चालली एवढं खरं.

तिच्या इंजिनाचं करणं माझ्याकडे कसं आलं ते मला नीट सांगता येणार नाही. हे गाडी चालवतात आणि चांगली चालवतात, पण गाडीवरून उतरले की त्यांना गाडीकडे बघवत नाही. मी मात्र पहाटे गोठ्यात जाते तशी जीपपाशी जाते. ऑइलची पट्टी काढायची, चिंधीनं पुसायची, पुन्हा घालून काढायची, आणि तेल खुणेपाशी आहे का बघायचं. डिझेलच्या फिल्टरच्या बुडाचा स्क्रू सैल करून वाटीत थेंब धरायचे, कारण थंडीच्या दिवसांत टाकीत पाणी धरतं आणि ते पाणी आधी बाहेर पडलं पाहिजे. संध्याकाळी टाकी रिकामी ठेवायची नाही. इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या जाळीत भुसकट अडकतं, ते मऊ फडक्यानं वरून खाली झाडायचं, आडवं झाडलं तर पाती वाकतात. आणि फुफाट्याच्या दिवसांत हवेचा फिल्टर रोज. पावसाळ्यात पंधरवड्यानं चालतं, पण आश्विनात रोज. इंजिन डिझेलपेक्षा हवा जास्त पितं, असं फाट्यावरचे अन्वरमिस्त्री म्हणतात. त्या हवेबरोबर धूळ आत गेली की ती आतून कानशीसारखी घासत राहते. बाहेरून काही कळत नाही.

मला हे काम आवडतं, कारण त्यात बोलावं लागत नाही. बायका पाणवठ्यावर जमल्या की मी हंडा भरून निघते. कुणी काही विचारलं तर उत्तर डोक्यात तयार होतं आणि तोंडापर्यंत येता येता विषय बदललेला असतो. इंजिनाला तसली घाई नसते. सकाळी चालू केल्यावर ते थोडा वेळ खडखडतं, मग तेल सगळीकडे पोचलं की आवाज खाली बसतो आणि एकसारखा होतो. तोवर पाय द्यायचा नाही. चढ चढून आल्यावर लगेच बंद करायचं नाही, जागेवरच थोडं चालू ठेवून निवू द्यायचं. धावून आलेल्या माणसाला लगेच खाली बसवत नाहीत तसं. एवढं सांभाळलं म्हणून ते अजून एकदाही खोललेलं नाही. वस्तीवर या गोष्टीचं कौतुक कुणी करत नाही, आणि तेच मला बरं वाटतं.

त्या वर्षी खंडेनवमीला आमच्या घरात गाडीची पूजा जरा जोरात झाली. त्याला कारण होतं. माझी नणंद सावेडीला राहते. तिच्या मालकांनी, म्हणजे दाजींनी, ह्यांच्यासाठी पुण्याला कंपनीच्या बसवर ड्रायव्हरची जागा बघून ठेवली होती. राहायला खोली, महिन्यातून एकदा घरी यायचं. दाजी सारखे फोन करत. हे म्हणत, "गाडी चालतीय तवर मी हितंच हाय, दाजी. इंजन बसलं तर मंग बघू." दाजी म्हणत, "दिवाळीपातूर सांग. जागा कोन थांबवून ठिवतं?" मी चुलीपाशी बसून ते ऐकत असे. महिन्यातून एकदा, हे शब्द भाकरी थापताना हाताखाली यायचे. पण मी ह्यांना जा म्हटलं नाही आणि राहा म्हटलं नाही. मला कुणी विचारलंही नव्हतं.

म्हणून की काय, त्या नवमीला ह्यांनी जीप ओढ्यावर नेऊन धुतली, बंपर पुसला, आणि इंजिनावरचं टॅपेटचं झाकण काढून त्याला लाल रंग दिला. उन्हात ठेवलेलं ते झाकण लांबून कुंकवाच्या कोयरीसारखं दिसत होतं. रंग वाळल्यावर परत बसवलं. झेंडूचा हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली. माझ्या सासूबाईंना, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो, नैवेद्य दाखवायचा होता. बैल होते तेव्हा पोळ्याला त्या स्वतःच्या हातानं बैलांच्या तोंडात पुरणपोळी घालत. बैल गेले, जीप आली. त्यांनी नैवेद्य कुठं ठेवला ते कुणी बघितलं नाही.

दसरा झाला, ऊन तापलं, फुफाटा पडला. खळ्यावर बाजरीची रास आली आणि राशीबरोबर उंदीर आले. एका सकाळी मी फिल्टर काढायला हात घातला, तर फिल्टरपासून इंजिनाकडे जाणारा जो जाड रबरी पाईप आहे त्याच्या खालच्या अंगाला माझं बोट आत गेलं. भोक होतं. कडा कुरतडलेल्या. त्याच्या खाली बॅटरीच्या मागं पळसाचं वाळलेलं पान होतं, तुपानं काळं पडलेलं, आणि सगळीकडे उंदराच्या लेंड्या.

फिल्टरच्या अलीकडे भोक पडलं असतं तर एवढं बिघडलं नसतं. हे पलीकडे होतं. म्हणजे फिल्टर मी रोज घासत होते, आणि धूळ त्याला वळसा घालून सरळ इंजिनात जात होती. मी ह्यांना बोलावलं. ह्यांनी पान बघितलं, वास घेतला आणि ओट्यावर गेले.

"आये, इंजनात पोळी कुनी ठिवली?"

"म्या ठिवली," आत्याबाई निवडत्या सुपावरून मान वर न करता म्हणाल्या. "मंग? बैलाला चारीत नव्हते का?"

"बैलाला तोंड हुतं."

"ह्येला न्हाई? मंग रोज डिझेल कुठनं पितं?"

"उंदरानं पाईप खाल्लाय," ते म्हणाले.

"पोळी सोडून पाईप खाल्ला?"

"पोळी खाल्ली. मंग पाईप खाल्ला."

"मंग माझ्या पोळीला नावं ठिवू नको. त्याला चव लागली म्हनून पुढचं खाल्लं."

मी तोंडाला पदर लावून आत गेले. हसू येत होतं आणि इंजिनाची काळजीही वाटत होती, दोन्ही एकदम.

ह्यांनी जुन्या ट्यूबची पट्टी कापून पाईपाला घट्ट गुंडाळली. पण त्यानंतरचे दिवस वाईट गेले. ऑइलची पट्टी काढून बघितली की तेल रोज खुणेच्या खाली. मी घालायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा खाली. ओढ्याचा चढ चढताना जळक्या तेलाचा वास यायचा आणि धूर दिसायचा. वस्तीवरचे लोक दूध आणून देताना म्हणू लागले, "काम आलं जनू इंजनाला." हे हसण्यावारी न्यायचे. फोनवर अन्वरमिस्त्रींना सांगितलं तर ते म्हणाले, "पाईपातनं धूळ गेली, वर तेल खातंय, म्हंजी पिस्टनच्या रिंगा गेल्या असतील. घेऊन या. खोलावं लागंल बहुतेक." इंजिन खोलायचं म्हणजे आमच्यासाठी गाडी उभी राहिली. ते परत बांधून घेण्याची आमची ऐपत नव्हती, हे बोलून दाखवायची गरज नव्हती.

फुफाट्याचे दिवस एरवी मला आवडतात. सकाळी दव पडून वाटेवरची धूळ जरा बसलेली असते, तिच्यावर रात्रीतून फिरलेल्या तित्तरांच्या पायांच्या नक्ष्या असतात. ज्वारीचे कोंब टाचणीएवढे वर आलेले असतात. त्या वर्षी हे सगळं होतंच, पण मला फक्त चढावरचा इंजिनाचा जड आवाज ऐकू येत होता. मी मागे दुधाच्या कॅनांपाशी बसायची, कॅन हलू नयेत म्हणून दोन्ही हात त्यांच्यावर, आणि कान इंजिनात.

आत्याबाईंना दाजींच्या फोनचं आधी नीट माहीत नव्हतं. नणंदेनं एकदा फोनवर सांगितलं. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. मी ताट घेऊन गेले तर म्हणाल्या, "सुमन, माझ्या पोळीनं पोराला घराबाहेर काढलं व्हय गं?"

"न्हाई ओ आत्याबाई, जुनं इंजन हाय," मी म्हटलं.

"जुनं तर मी बी हाय. माझ्यात कुनी पोळी ठिवून बघितली का?" असं म्हणून त्या भिंतीकडे तोंड करून झोपल्या. त्यांचं बोलणं विनोदाचं असायचं, पण त्या दिवशी त्यांना स्वतःला हसू आलं नाही.

दिवाळी जवळ आली तशी ह्यांनी दाढी करताना आरशात बघत एकदा विचारलं, "माझी गोधडी धुवायची हाय का?" ती पुण्याला न्यायची म्हणून विचारलं, हे मला कळलं. आम्ही दोघं एका घरात एकच गोष्ट दोन बाजूंनी टाळत होतो.

शेवटी एका सकाळी डेअरीत दूध घातल्यावर हे तसेच अन्वरमिस्त्रींकडे वळले. मी मागे रिकाम्या कॅनांपाशी बसलेली होते. मिस्त्रींचं दुकान म्हणजे लिंबाखालचं पत्र्याचं शेड. सगळीकडे तेलानं काळी पडलेली माती, तिच्यावर लोखंडी पाने पसरलेले, बाजूला चहाचे कप. मिस्त्रींचं वय झालंय. ते गाडीकडे आधी बराच वेळ नुसतं बघतात. त्यांनी इंजिन चालू करायला लावलं, तेल ओतायचं वरचं झाकण काढलं आणि त्या तोंडावर तळहात आडवा धरला. मी कॅनची कडी घट्ट धरून बसले.

"हवा मारीत न्हाई," मिस्त्री स्वतःशीच म्हणाले. "रिंगा गेल्या असत्या तर हितनं फुसफुस आली असती."

मग त्यांनी तो कुरतडलेला पाईप काढला. बोटाला पांढरी चिंधी गुंडाळून इंजिनाच्या तोंडात घातली आणि फिरवून बाहेर काढली. चिंधीवर काळं, दाट, धुळीनं भरलेलं वंगण आलं. अजून आत घातली, तर नुसतं तेल आलं, धूळ नाही.

"आतल्या बाजूला जुन्या तेलाचा ओशटपना हाय," ते म्हणाले. "धूळ त्येला चिकटून ऱ्हायली. चिमूटभर गेली असंल आत, तेल बदललं की निघंल. आता धुराचं सांगा. धूर कुठनं येतो?"

"सगळीकडनंच येतो," हे म्हणाले. गाडी चालवणाऱ्याला समोरचंच दिसतं.

मला माहीत होतं. मी मागे बसते. मागच्या नळीतून धूर आला असता तर तो आधी माझ्या तोंडावर आला असता. पण दुकानात आणखी दोन माणसं चहा पीत उभी होती, आणि मी नेहमीसारखी मनातच वाक्य जुळवत राहिले. मिस्त्रींनी पाना उचलला. मला वाटलं, आता खोलायला घेतात. आता खोललं की संपलं.

"मागनं येत न्हाई," मी म्हटलं. आवाज माझाच होता का हे मला पटकन कळलं नाही. "बॉनेटच्या फटीतनं येतो. चढाला जास्ती."

सगळ्यांनी वळून बघितलं. मी कॅनकडे बघितलं.

मिस्त्रींनी पाना खाली ठेवला. लाल झाकणाच्या मागच्या कडेनं बोट फिरवलं आणि वर करून दाखवलं. बोट तेलानं ओलं होतं. तिथून खाली धूर जाणाऱ्या तापलेल्या नळ्यांपर्यंत एक चकचकीत ओघळ गेलेला. "वैनी बरोबर सांगतात," ते म्हणाले. "तेल आत जळत न्हाई, भायेर गळून नळीवर जळतंय. ह्ये झाकान लई नवंनवं दिसतंय. कशाला काढलं हुतं?"

"रंग द्यायला," हे म्हणाले.

"कशापायी?"

"पूजेला."

"झाकनाखालचं पॅकिंग नवं टाकलं?"

"जुनंच बसवलं. चांगलं दिसत हुतं."

मिस्त्रींनी डोक्यावरची टोपी काढून परत घातली. "आईनं पोळी ठिवली, पोरानं रंग दिला. आन् इंजनानं बिचाऱ्यानं दोघांचं सोसलं. भाऊ, पुढच्या साली नुसता नारळ फोडा." चहा पिणारी माणसं हसली. हेही हसले, पण कानापर्यंत लाल झाले. पंधरा दिवस ते आईच्या पोळीबद्दल जे काही पुटपुटत होते, ते त्यांना त्या क्षणी आठवलं असावं.

नवं पॅकिंग पडलं, नवा पाईप पडला, तेल दोनदा बदललं. काढलेलं तेल मी चिमटीत घेऊन बघितलं. पहिल्याला जरा कचकच लागली, दुसऱ्याला काही नाही. गुळगुळीत, शेवाळावरच्या पाण्यासारखं. त्या दिवशी ते तेल हाताला किती सुंदर लागलं हे मी कुणाला सांगायला गेले नाही. सांगून कळणारही नाही.

अजूनही कधी कधी वाटतं, की एवढ्या मोठ्या लोखंडाचं आयुष्य एका कागदासारख्या पॅकिंगवर अवलंबून असतं. ते झिजलं की माणसं म्हणतात सगळंच झिजलं. घरातही असंच असेल. आम्ही दोघं त्या सुगीत एकमेकांच्या धुराकडे बघत होतो आणि आतलं संपलं असं धरून चाललो होतो. खरं तर एक लहानशी कड सैल झाली होती, तिथून गळत होतं.

आत्याबाई आता नवमीला नैवेद्य बॉनेटवर ठेवतात, वर, सगळ्यांना दिसेल असा. हात जोडतात, थोडा वेळ थांबतात, मग पोळी उचलून स्वतः खातात. "देवाचं झालं, इंजनाचं झालं, आता माझं," असं म्हणतात. हे दरवर्षी विचारतात, "आये, उंदरासाठी काय ठिवलं?" आणि त्या दरवर्षी तेच म्हणतात, "तुला ठिवलंय की."

गाडी दुरुस्त झाली त्या दिवशी फाट्यावरून परत येताना दुपार टळून गेली होती. हे म्हणाले, पुढं बस. मी त्यांच्या शेजारी बसले. ऊन डाव्या बाजूनं येत होतं. खालच्या सपाटीवर ज्वारीच्या ओळी हिरव्या रेघांसारख्या दिसत होत्या, आणि मागे आमच्याच गाडीचा फुफाटा उठत होता. ओढ्याचा चढ आला. ह्यांनी दांडा ओढला. गाडी चढू लागली, आवाज जड झाला, पण तो जडपणा कामाचा होता, दुखण्याचा नव्हता. बॉनेटच्या फटीकडे मी बघत होते. तिथून नुसती गरम हवा थरथरत होती. वास नव्हता. वर पोचल्यावर हे थांबले, इंजिन चालूच ठेवलं आणि मोबाईल काढला. तिथं रेंज येते.

"दाजी," ते म्हणाले, "त्या पुन्याच्या जागंला न्हाई म्हना. गाडी चालतीय माझी." पलीकडून दाजी बराच वेळ बोलले. हे हं, हं करत राहिले. मग म्हणाले, "व्हय, पस्तावलो तर पस्तावलो."

फोन ठेवला. हात स्टिअरिंगवर ठेवले. मला वाटलं, आता गिअर टाकतील. पण ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "चुकलं का गं माझं? जायला पाहिजे हुतं का?"

इतक्या दिवसांत हे मला पहिल्यांदाच विचारलं गेलं. इंजिन खाली एकसारखं धडधडत होतं, आणि त्या आवाजात माझं नेहमीचं बोलणं ऐकू गेलं नसतं.

"न्हाई," मी म्हटलं, मोठ्यानं.